वरची कडी

आमी गाव सोडलं तवा सकाळची यष्टी व्हती. मी डोईवर बोचकं घेतलं, शालनच्या बापानं पत्र्याची पेटी खांद्यावर टाकली. माजी सासू आमाला फाट्यापतूर घालवाय निघाली. सासू म्हंजे माजी मामीच. मी मामाच्या पोराला दिलेली. सगळी भाईर पडलो, मामीनं दार वडलं. आमच्या दाराची कडी वर, चौकटीच्या माथ्याला, आतनंबी आन भाईरनंबी. शालनला वाटलं आज आपुन लावावी. तिनं टाचा उचलल्या, हात तानला, उडी मारून बघितली. कडी लय लांब राहिली. बारा वर्साची पोर. तिच्या बरुबरीच्या पोरी ती कडी कवाच लावाय लागल्या व्हत्या.

मामीनं तिला हातानं बाजूला सारलं, आपुन कडी घातली आन मला म्हनली, "हिच्या हाताला कडी लागंल तवा घिऊन ये. तवर नगं."

मामी वंगाळ नव्हती. तिला लोकांची तोंडं सोसत नव्हती. पानवठ्यावर बाया इचारायच्या, तुमची शालन अजून तेवढीच का वं. पोरं तिला उचलून भितीवर बसवायची आन पळून जायची, मग ती तिथंच बसून ऱ्हायची, कुनी उतरवंस्तोर. तोंड बाव्हलीवानी, आवाज चिमनीवानी. कायम गारठल्याली. चैतातबी गोधडी मागायची. तिच्या पाठचा पोरगा जलमला, पन रडलाच न्हाई नीट. अंग सैल, दूध वडंना, आन म्हयन्यात गेला. तालुक्याचा डाक्टर म्हनला, हिच्या डोक्यातल्या गाठीचं काम दिसतंय, मुंबईला न्या. म्हनून आमी निघालो. पोट भराय गावात जमीन व्हती थोडी. आमी पोर वाढवाय निघालो व्हतो. ही गोष्ट आता कुनाच्या ध्यानात न्हाई. दत्तू, तू माज्या दिराचा पोरगा, तवा पाळन्यात व्हतास, म्हनून तुला आन तुज्या बायकूला सांगते. आन आपल्या गावची जी इकडं तुर्भ्याला, घनसोलीला ऱ्हात्यात त्यांनाबी. त्यांना वाटतं आमी पैशापायी आलो.

शालनचा बाप तुर्भ्याला कांदा-बटाट्याच्या मार्केटात लागला, गावच्याच मानसांच्या टोळीत, पाठीवर गोनी व्हायला. मी कांदा निवडाय बसायची. सडका येगळा, मोड आल्याला येगळा. घरी आलं तरी हाताचा वास जाईना. पयली रूम ट्रकांच्या रस्त्याला व्हती, रात्रंदिस भिती हालायच्या. शालनचा बाप तिला कवा कवा मार्केटात घिऊन यायचा. कांद्याची भरल्याली गोनी हुबी केली की तिच्या तोंडाला सुतळीची शिवन असती बगा, शालनचं कपाळ त्या शिवनीला लागायचं. त्यो तिला गोनीशेजारी हुबी करायचा आन हसत म्हनायचा, "ही शिवन खाली गेली की आपुन गावाला जायचं." गडी मानसं हसायची. त्यो खरंच म्हनत व्हता.

सरकारी दवाखाना मोठा, मुंबईत. रगत घेतलं, मनगटाचा फोटू काढला, डोक्याचा फोटू काढला. डाक्टरीनबाई व्हती, बारीक अंगाची, घाईघाईनं बोलनारी. पन एक दिस तिनं आमाला दोगास्नी बसवून घेतलं. तिनं इचारलं, "नवरा नात्यातला आहे का?" मी म्हनलं, मामाचा पोरगा हाय. तिनं गेल्याल्या पोराचं इचारलं. मी सांगितलं. मग तिनं टेबलावर आपल्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

ती म्हनली, "डोक्यात, मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी गाठ असते. अंग वाढवायचं पाणी तिथं बनतं. गळ्यातल्या गाठीला कामाला लावायचा हुकूमही तिथूनच जातो. बाईला दूध यायचं तेही तिथूनच. हे कसं बनवायचं, ते सगळं तुमच्या मुलीच्या त्या वाटाण्यात आहे. पण कुलपात आहे. या तिन्ही कुलपांना किल्ली एकच असते, आणि तीच हिच्याकडे नाही."

शालनच्या बापानं इचारलं, "हरवली का?"

"हरवली नाही. आली तीच मोडकी आली. प्रत्येकाला दोन किल्ल्या मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी धड असली तरी भागतं. तुमच्याकडे एक धड, एक मोडकी. यांच्याकडेही तसंच, कारण तुम्ही एकाच घरातले. हिच्या वाट्याला दोन्ही मोडक्या आल्या. कुणाचा दोष नाही यात."

दोष न्हाई म्हनली, पन यष्टीत शालनचा बाप खिडकीकडं तोंड करून बसला. माज्या लग्नात मामी सगळ्यांना सांगत व्हती, "रक्ताचीच पोर घरात आली, आता भांडान न्हाई न तंटा न्हाई." भांडान खरंच कवा झालं न्हाई. मी त्या दिशी पयल्यांदा इचार केला, की आमी घर सोडून आलो म्हनतो, पन घर पोरीच्या आत बसून आलंय.

डाक्टरीनबाईनं आदी गळ्याची गोळी दिली, रोज पहाटं उपाशीपोटी. ती म्हनली, गळ्यातली गाठ आन डोक्यातला वाटाना एकमेकांशी बोलत्यात. खालनं रगतातनं सांगावा जातो बास झालं, मग वरचा हात आवरतो. खालनं कमी आलं की वरचा जोर करतो. शालनचा वाटाना मुका, म्हनून गळ्याची गाठ वाट बघत बसल्याली. ती गोळी सुरू झाली आन पोर जागी झाली. खरं सांगते, बारा वर्सं ती झोपेत चालत व्हती. गोधडी टाकून दिली. बडबड कराय लागली, भांडाय लागली. आमाला वाटलं, आता कडी लागंलच.

मग वाढीचं इंजेक्शन. ते भाईरदेशातनं आल्यालं, काही पोरांनाच फुकट मिळायचं, शालनचं नाव त्यात बसलं. सिस्टरनं मला मोसंबीवर सुई माराय शिकवलं, घरी मी बटाट्यावर हात बसवला. बाटलीत भुकटी असायची, त्यात पानी सोडायचं, मग ती बाटली बरेच दिस पुरवायची. हालवायची न्हाई, तळव्यावर धरून हळू हळू फिरवायची. मी तसंच करायची. एवढं जपून मी देवाचा दिवाबी लावला नसंल. सिस्टरनं बाटल्या रुंद तोंडाच्या थर्मासात बरफ घालून दिल्या आन म्हनली, "घरी जाईपर्यंत बर्फात राहू दे. मग थंडच ठेव, उन्हात अजिबात नको."

तवर आमी तुर्भ्याची रूम सोडून तळवलीला आल्यालो. गावठानात आगरी मानसांच्या चाळी, बामीबायच्या चाळीत आमाला खोली मिळाली. बामीबाय म्हंजे धिप्पाड बाई, नऊवारी कासोटा, नाकात मोठी नथनी. तिची शेती सरकारात गेल्याली, खाडी तेवढी उरल्याली. पोरं जाळं टाकायची, ती म्हावरं इकायची. पयल्या दिशी शालनला बगून म्हनली, "काय गो, पोर शालंन जातं का बालवाडीन?" मी म्हनलं, तेरावं लागलंय. तिनं पोरीची हनुवटी वर उचलली. मग म्हनली, "बारकू हाय, पन डोले बघ कशे हुशार." त्या दिसापासनं शालनची बारकू झाली.

आमच्याकडं फ्रिज कुठला. बामीबायच्या लेकाकडं व्हता. मी बाटली घिऊन तिच्या दारात गेले. ती म्हनली, "फ्रिजचा काय भरवसा नाय. लाईट गेली का सगला मरतं. माजे बरफान ठेव. माजा म्हावरा ताजा रेतं, तर बारकूचा औषद का नाय रेनार?"

सिस्टरनं बरफातच दिल्यालं. बामीबायची थर्माकोलची पेटी कायम मीठ मारल्याल्या बरफानं भरल्याली. मला ते सिस्टरपरासबी पटलं. बामीबायनं बाटली पिशवीत घातली, वर फडकं गुंडाळलं आन पार खाली, बरफाच्या पोटात दाबून ठिवली. म्हनली, "हिकडं वारा पन लागनार नाय."

सांजंला इंजेक्शनच्या येळंला मी तिच्या वट्यावर जायची. बाटली कवा पान्यावानी असायची, कवा दगड झाल्याली. दगड असली की मी पदरात धरून बसायची, मांडीच्या उबीला. पानी झालं की सुई भरायची. शालन माज्या लुगड्याचा काठ दातात धरायची आन मांडी पुढं करायची. बामीबाय कोळंबी सोलत म्हनायची, "रडू नको बारकू, उंच झालीस का तुला बोटीन बसवीन." शालन म्हनायची, "आत्ताच बसव की. उंच झाल्यावर बोट बुडंल." बामीबाय हसायची, सगळी चाळ ऐकायची.

दोन वर्सं गेली. दर खेपंला दवाखान्यात शालनला भितीला हुबी करायचे, वरनं लाकडी पट्टी टेकवायचे. पट्टी हाय तिथंच. डाक्टरीनबाई कपाळाला आठ्या घालायची. औषद वाढवलं. परत रगत घेतलं. म्हनली, काही पोरांचं शरीर औषदाशी भांडतं, तसं काही आहे का बघू. मार्केटात शालनचा बाप गोनी हुबी करायचा. शिवन हाय तिथंच. त्यो हसायचा बंद झाला. गडीबी हसंनात.

मग शालनला पदर आला. तिला, मला, बामीबायला आनंद झाला. बामीबायनं गोड भात केला. डाक्टरीनबाईचं तोंड मातूर उतरलं. तिनं मनगटाचा फोटू उजेडावर धरला, हाडाच्या टोकाशी बोट लावलं. "इथं फट असते, वाढ इथून होते. ती मिटायला लागली आहे. आणि गुण नसेल त्या मुलांचं औषध आता पुढं देणार नाहीत."

मी म्हनलं, "बाई, आमी एक दिस चुकवला न्हाई."

ती म्हनली, "माहीत आहे. ठेवता कुठं तुम्ही ते?"

मी अभिमानानं सांगितलं. म्हनलं, आमची घरमालकीन बरफात ठेवती, पार खाली. लाईट गेली तरी फरक न्हाई. कवा कवा दगड होतं, मग मी उबीला धरून पानी करते.

तिच्या हातातला फोटू तसाच ऱ्हायला. तिनं इचारलं, "दगड होतं?"

"व्हय. लवकर वितळतं पन."

ती खुर्चीत बसली. शालनला भाईर बाकड्यावर पाठवलं. मग म्हनली, "गोठलं की हे औषध मोडतं. दिसायला तसंच दिसतं. पण मग ते नुसतं पाणी." तिनं फोटू टेबलावर ठेवला. ती म्हनली, "थंड म्हणजे बर्फ नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. कसं ठेवता ते विचारायला हवं होतं." तिनं वर बोलून बघितलं. आमी लय खेपा घातल्या. पन शालनचं नाव गुण न आल्याल्यांत गेलं व्हतं, आन तवर फट मिटली.

त्या दिशी आमी तळवलीला उतरलो तवा भरती व्हती, खाडीचा वास गावभर पसरल्याला. शालनचा बाप रस्त्यात म्हनला, "बामीबायला सांगायचं न्हाई." मला सांगायचं व्हतं. मला कुनावर तरी ते टाकायचं व्हतं, खरंच. चाळीत शिरलो तर बामीबाय नळाखाली नवी पेटी धूत बसल्याली. थर्माकोलची, पांढरीशिपत. लिंबानं घासत व्हती. म्हनली, "माजे पेटीला म्हावऱ्याचा वास येतं. म्हनून औषदाला गुन येत नसंल. ही फकस्त बारकूची, बग."

मी म्हनलं, "बामीबाय, औषद बंद झालं."

"का गो?"

"गुन न्हाई म्हनून."

ती ओल्या हातानं तशीच बसली. मग म्हनली, "मंग डाक्टरच खोटा." पेटी उचलून घरात घिऊन गेली. ती पेटी तिनं म्हावऱ्याला कवाच वापरली न्हाई. तिच्यात पापड ठिवायची.

पुढल्या साली तिनं गवंडी बोलावला. माज्या खोलीतला सैपाकाचा वटा तोडला आन शालनच्या कमरंला येईल असा खाली बांधला. नळ खाली घेतला. लाईटची बटनं खाली घेतली. दाराला वर कडी व्हती, ती उपटली आन खाली लावली, शालनला हुबी करून, तिच्या हाताच्या मापानं. मला वाकून सैपाक कराय लागायचा, पाठ धरायची. बामीबाय म्हनली, "तू वाक. तू किती दिस? पोरीला तर जलमभर रांधायचा हाय."

गावाकडनं सांगावा दोनदा आला. पयल्यांदा मामीनं इचारलं, कडी लागती का. शालनच्या बापानं कळवलं, अजून इलाज चालू हाय. तवा इलाज बंद झाल्याला. दुसऱ्यांदा सांगावा आला तो मामी गेल्याचा. त्यो एकटाच जाऊन आला. आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "दाराला कडी हाय तशीच हाय." पुढं त्याची पाठ गेली, मग छाती गेली, आन मग त्योबी गेला. शेवटाला शालनच त्याला पानी पाजायची. खाट तिच्या उंचीची व्हती, तेवढं बरं झालं.

शालनचं लग्न झालं न्हाई. एक आल्याला, सर्कशीतल्यावानी दाखवाय न्यायची म्हनत व्हता. बामीबायनं त्याला कोयता दाखवला. शालन आता घनसोलीला शिवनकाम करते, मशीन खाली ठेवून. पायडल न्हाई, हाताचं हाय. लहान पोरांचे फ्राक शिवते. गिऱ्हाईक पयल्यांदा येतं तवा तिलाच इचारतं, "आई कुठंय गं तुजी?" ती म्हनते, "आई घरी हाय, म्हातारी झाली. मीबी झाले थोडी." मग त्यांची तोंडं होत्यात बगा. तिला त्याची आता गंमत वाटते. मला अजून वाटत न्हाई.

मागं तिला ताप आला तवा नव्या डाक्टरकडं नेली. तरना पोरगा. त्यानं सगळं इचारून घेतलं आन म्हनला, आता पेनासारखं इंजेक्शन असतं, लहानपनी सुरू केलं की मुलं चांगली वाढतात. मी म्हनलं, बरं झालं. आन आमी गोळ्या घिऊन आलो.

दत्तू, तू परवा फोनवर म्हनलास, "काकी, तिकडं काय ऱ्हायलंय तुजं. गावाला ये, पुढली खोली रिकामी हाय." तू मनापास्नं म्हनलास, मला ठावं हाय. मी तुला इचारलं, दाराला वरची कडी हाय का रं अजून. तू म्हनलास, "हाय की. जुनं सागवान हाय काकी, शंभर वर्सं हालायचं न्हाई." मी तसाच फोन ठिवला. तुला वाटलं असंल म्हातारीची रेंज गेली. मी हाय तवर कडी मी काढीन. मी न्हाई तवा शालन आत असली तर आत, आन भाईर असली तर भाईर. आन समजा तू ती कडी उपटून खाली लावलीस, तरी पानवठा हाय, देऊळ हाय, लग्नं हायत. मामीनं तिला कडी लागल्यावर आनायला सांगितलं व्हतं. ती लागली न्हाई. एवढंच हाय ते, राग न्हाई.

इकडंबी आता काय धड न्हाई. खाडीत म्हावरं ऱ्हायलं न्हाई, गावठानाच्या तिन्ही बाजूला बिल्डिंगी. बामीबाय अंथरुनाला खिळलीया. मी सांजंला तिच्याजवळ बसते. तिला आजचं कायच आठवत न्हाई, जुनं सगळं आठवतं. रोज माजा हात धरून इचारती, "गो, त्या औषदाला गुन का नाय आला असंल? आपुन तर किती जपला."

मी म्हनते, "औषदच हलकं व्हतं, बामीबाय."

ती म्हनती, "हां. मना तवाच वाटला." आन डोळं मिटती.

तिच्या लेकानं चाळ बिल्डरला दिली. दिवाळी झाली की पाडनार. भाडेकरूंना काय मिळत न्हाई. लेक वाईट न्हाई, तिकडं सोसायटीत भाड्यानं बगून देतो म्हनला. मी एक खोली बगून आले. सैपाकाचा वटा शालनच्या छातीला येईल. कडी न्हाई, वर लॅच हाय, आन दाराला मानसं बगायचं भोक हाय, ते माज्याबी डोळ्याच्या वर.

तुमी सगळी इचारता, काकी, तुजं घर कुठलं म्हनायचं, गावचं का तिकडचं. मी शिकल्याली न्हाई, मला मोठं सांगता येत न्हाई. ज्या दाराची कडी शालनला आपल्या हातानं काढता येती, ते घर. असं दार मला एकच ठावं हाय. बामीबायच्या लेकानं काल त्यावर, कडीच्या शेजारी, चुन्यानं फुली मारली. फुली मारायला त्यो जरा वाकला, मी बगितलं.